बत्तीस अंश आणि दोन निळ्या पिशव्या

दिसेबो न्त्सानेच्या घरातल्या एका काचेच्या पेटीत दोन ऋतू शेजारी-शेजारी नांदत. डाव्या कोपऱ्यात भर उन्हाळा, बत्तीस अंश. उजव्या कोपऱ्यात सव्वीस. मधोमध पाण्याचं पातेलं. अजगराला अंगची ऊब नसते, जेवण पचवायचं असलं की तो उन्हाळ्यात जाऊन पडतो आणि फार झालं की सरकत गारव्याला येतो. तेव्हा दोन्ही टोकं सांभाळायची, एवढीच त्याची चाकरी. एवढीच म्हणायला काय जातंय! दक्षिण आफ्रिकेतल्या हॅरिस्मिथच्या जुलैत, म्हणजे ऐन हिवाळ्यात, सकाळी बादलीतल्या पाण्यावर बर्फाची पापडी धरते आणि लोडशेडिंग दिवसातून दोनदा हजेरी लावून जातं.

पण दिसेबोचा जन्मच कुणाला तरी ऊब देण्यात गेला होता. एकतीस वर्षं ती अपुऱ्या दिवसांच्या बाळांच्या वॉर्डात नर्स होती. दर चार तासांनी तापमान बघायचं आणि तक्त्यात लिहायचं, हे तिच्या हाडात मुरलेलं. वॉर्डातली डॉक्टरीणबाई परदेशी निघाली तेव्हा आपला पाळलेला अजगर कुणाला द्यावा, या विवंचनेत होती. सगळा स्टाफ भिंतीला चिकटून उभा राहिला. दिसेबो म्हणाली, "गार पडतोय बिचारा. आणा इकडे."

ती त्याला मोरेना म्हणायची. मोरेना म्हणजे राजा. भिंतीवर मोरेनाचा सरकारी परवाना लावलेला होता, त्याखाली वॉर्डातल्यासारखाच आखलेला तक्ता: वेळ, डावी बाजू, उजवी बाजू, आणि ऊब कशाची. शेवटच्या रकान्यात 'वीज' किंवा 'बाटल्या'.

राजेसाहेबांनी नऊ वर्षं सुखाने राज्य केलं. मग डिसेंबरच्या सुट्टीत शाळेतले एक मास्तर गावी जाताना आपला अजगर दिसेबोकडे ठेवून गेले. "दोघेही नरच आहेत, राहतील एका पेटीत," असं मास्तर म्हणाले. विज्ञान शिकवायचे म्हणे. मे महिन्याच्या शेवटी राजेसाहेबांनी सहा अंडी घातली.

दिसेबो एक दिवसभर हसली आणि मग बाह्या सरसावून कामाला लागली. अंडी पांढरी, मऊ कातड्याची, एकमेकांना चिकटलेली. डॉक्टरीणबाईच्या पुस्तकात लिहिलं होतं: बत्तीस अंश, साठ दिवस, आणि उलटी करायची नाहीत, आतलं पिल्लू दगावतं. तिने आइस्क्रीमच्या मोठ्या डब्यात नारळाचा ओलसर भुसा घातला, अंडी होती तशीच त्यावर ठेवली, झाकणातून तापमापकाची तार आत सोडली. झाकणावर ठळक लिहिलं: ३२. हलवू नका. उलटं करू नका. टॉर्च लावून बघितलं तर सहाही अंड्यांत तांबड्या शिरा. त्या क्षणापासून ती सहा तिची झाली; भिंतीवर त्यांचाही तक्ता लागला. रोज सकाळी ती डब्याला हाक मारून किती दिवस उरले ते सांगायची.

आता या गोष्टीतल्या दुसऱ्या बाईकडे येऊ. केनेउवे दिसेबोची चाळीस वर्षांची मैत्रीण, तीन गल्ल्या सोडून राहणारी. माणसाला कधी न भिणारी ही बाई सापाच्या नावाने अंग चोरायची. मोरेना आल्यापासून ती दिसेबोकडे आलीच तर दारातून बोलायची.

"आत ये की गं."

"तुझा नवरा बाहेर पडला की येईन."

"माझा नवरा वारून बारा वर्षं झाली."

"तोच बरा होता. पाय तरी होते त्याला."

जुलैतल्या त्या शनिवारी केनेउवेच्या मुलीची, पुसेलेत्सोची, लग्नाच्या देण्याघेण्याची बैठक होती. मुलाकडचे मामा-काका येणार, मुलीच्या घरी किती गाई द्यायच्या याची बोलणी होणार. आणि चोरांनी नेमका मुहूर्त साधला. आदल्या दुपारी कुणीतरी तांब्याची तार कापून नेली, सगळी वस्ती अंधारात. मक्याचा भरडा आणि घेवडा शिजवायचं काम दिसेबोने अंगावर घेतलं होतं. त्यासाठी तिच्याकडे पिशवी होती. निळ्या छापील कापडाची, आत थर्माकोलचे दाणे ठासून भरलेली, गादीसारखी जाड. कोळशाच्या चुलीवर उकळलेलं पातेलं पहाटे तिच्यात दडपलं की दुपारपर्यंत भरडा आपोआप शिजतो. अशा पिशव्या दिसेबो स्वतः शिवायची, अर्ध्या वस्तीला तिनेच विकल्या होत्या. एकाच ताग्यातल्या.

अंड्यांचा तो चोपन्नावा दिवस. वीज नाही म्हटल्यावर दिसेबोने डबाही तसल्याच दुसऱ्या पिशवीत ठेवला, दोन बाजूंना कोमट पाण्याच्या बाटल्या. पेटीतल्या मोरेनालाही दोन बाटल्या दिल्या. आधी केनेउवेला निरोप गेला होता, 'चुलीजवळची पिशवी घेऊन जा.' पण सकाळी तापमापक तीसवर आला, तेव्हा दिसेबोने भरड्याची पिशवी खाटेखाली सरकवली आणि डब्याची पिशवी चुलीपासून हातभर अंतरावर आणली. आणि कोळसा आणायला गेली. दार नुसतं लोटलेलं.

केनेउवे आली ती घाबरतच. पेटीकडे नजर जाऊ नये म्हणून तिने डोळे किलकिले केले, चुलीजवळची पिशवी चाचपली, उचलून डोक्यावर ठेवली आणि मागे न बघता सुटली.

दिसेबो परतली तेव्हा चुलीजवळची जागा रिकामी होती. खाटेखालून भरड्याचा वास येत होता. बैठकीच्या घरी अंगणात मोठमोठ्या शेगड्या पेटलेल्या असणार, आणि गरम राहावं म्हणून पिशवी नेमकी शेगडीला टेकवून ठेवलेली असणार. गारठा अंडी थोडा वेळ सोसतात. उकाडा मुळीच नाही. पस्तीसच्या वर गेलं की संपलं. आणि कुणी चमचा घालायला झाकण उघडून किंचाळत डबा भिरकावला तर? तिने भरड्याची पिशवी डोक्यावर घेतली आणि एकसष्टाव्या वर्षी तीन गल्ल्या धावत गेली.

फाटकाबाहेर मुलाकडचे पाच बाप्ये घोंगड्या पांघरून कुडकुडत उभे होते. पाहुण्यांना बाहेर तिष्ठत ठेवायचं ही रीतच. पण रीत म्हणजे अर्धा तास, हे सव्वा तासावर गेलं होतं. मुलीचे मामा आतून ओरडले, "अजून थोडं उभं राहा! आमची पोरगी काय रस्त्यावर पडलीय का?" आणि हळूच दिसेबोला म्हणाले, "भरडा आणलास? सुटलो बाई! आत घ्यायचं तर खायला काय घालायचं, म्हणून ताटकळत ठेवलंय त्यांना. वजडी तेवढी तयार आहे."

"केनेउवे कुठंय?"

"मागच्या खोलीत दार लोटून बसलीय. मघाशी अशी किंचाळली की पाहुणे पळतच होते. मी म्हटलं फेकून देतो ते काय आहे ते, तर माझ्यावरच पळी उगारली."

दिसेबोने शेगड्यांकडे पाहिलं. पिशवी तिथे नव्हती. तिने मागचं दार ढकललं.

केनेउवे पलंगावर भिंतीला टेकून बसली होती. डोळे गच्च मिटलेले, हनुवटीपर्यंत लोकरी घोंगडी, आणि पोट आठव्या महिन्यासारखं पुढे आलेलं. घोंगडीतून तापमापकाची तार लोंबत होती, टोकाला आकड्याची डबी.

"दार लाव आधी, वारा येतोय," ती म्हणाली. "आणि हसलीस तर हा डबा तुझ्या डोक्यात घालीन."

दिसेबो हसण्याच्या अवस्थेतच नव्हती. "उलटा नाही ना झाला?"

"चाळीस वर्षं डोक्यावरून पाणी आणलंय मी. थेंब सांडला होता कधी?"

"आणि शेगडीजवळ..."

"ठेवणारच होते. आधी चव बघावी म्हणून उघडलं. पुढचं विचारू नकोस. बाटल्या गार पडल्या होत्या, आकडा एकोणतीस. बाहेर हा वारा, तुझ्याकडे आणेस्तोवर पार गारठली असती. झाकणावर लिहिलंयस ना बत्तीस? म्हणून ब्लाउजच्या आत पोटाशी घेतला. एक डोळा उघडून आकडा बघते, वर गेला की घोंगडी सैल करते, खाली आला की आवळते." तिने एक डोळा उघडला. "बघ बाई किती आहे. मला आता तिकडे बघवत नाही."

दिसेबोने आकडा पाहिला. बत्तीस. ती जमिनीवरच बसली.

"तुला तर साप..."

"भीती वाटते. आत्ताही वाटतेय, दात वाजतायत ते काय थंडीने?" केनेउवे म्हणाली. "पण पुसेलेत्सो बाराशे ग्रॅमची होती. वादळात सगळ्या गावची वीज गेलेली. मी आपली रडत बसलेले, की पेटी बंद पडली, आता पोर गेली. तेव्हा माझ्या ब्लाउजची बटणं कुणी काढली होती? टॉवेलने पोर माझ्या छातीला कुणी बांधली होती? दोन दिवस हलू दिलं नाहीस मला. लघवीलासुद्धा धरून नेलंस."

बाहेर फाटक करकरलं. मामांनी पाहुण्यांना एकदाचं आत घेतलं होतं. पुसेलेत्सो दारातून डोकावली, नवी कोरी, लाजलेली. आईचं ध्यान बघून म्हणाली, "आई, ते विचारतायत, मुलीची आई कुठंय?"

"सांग, बाळंतीण आहे," केनेउवे म्हणाली, आणि तिघी अशा हसल्या की तार हलली आणि आकडा दिसेना.

बोलणी तीन तास चालली. गाईंवरून दोनदा उठाउठी झाली, मग भरडा आणि वजडी आली आणि सगळे मऊ पडले. चारच्या सुमाराला दिवे आले. दिसेबो डबा न्यायला उठली तर केनेउवेने घोंगडी घट्ट धरली.

"वीज आली की गं आता."

"आली तशी जाईल. मी येते तुझ्या घरापर्यंत, अशीच, पोटाशी धरून. पण तुझा तो राजा झाकून ठेव."

सहा दिवसांनी पिल्लांनी अंडी फोडली. सहाही. केनेउवे दाराबाहेरूनच मोजायला लावून ऐकत राहिली आणि घरी गेली.

त्या शनिवारचा अंड्यांचा तक्ता मात्र दिसेबोने त्याच संध्याकाळी पुरा केला होता. भिंतीवर अजून आहे. सकाळी दहा: तीस, बाटल्या. दुपारी दोन: बत्तीस. आणि पुढच्या रकान्यात, जिथे ऊब कशाची ते लिहायचं असतं, तिथे तिच्या वॉर्डातल्या स्वच्छ अक्षरात लिहिलंय: केनेउवे.