चित्रकार : अज्ञात

आमच्या अंबरनाथला चित्रकलेच्या एका निवृत्त मास्तरांनी दोन खोल्यांचं कलासंग्रहालय काढलं. पाटी होती, समिती होती. संग्रह तेवढा नव्हता. भिंती रिकाम्या दिसू नयेत म्हणून नव्वदच्या सुमारास त्यांनी उन्हाळ्याचा हंगाम आखला. एप्रिलमध्ये रांगोळ्या, मग फोटो आणि मे महिन्यात ‘घरोघरची चित्रं’. ज्याच्या घरी चित्र असेल त्यानं ते महिनाभर द्यायचं.

लग्नात फ्रेम केलेलं चित्र आहेर म्हणून देण्याची तेव्हा पद्धत होती. ते न लावता पुढच्या लग्नात देऊन टाकण्याचीही होती. मास्तरांनी ही दुसरी पद्धत हिशेबात धरली नव्हती.

पहिल्याच रविवारी मी, बायको आणि बदलापूरहून आलेला तिचा धाकटा भाऊ तिथं गेलो. उल्हास नदीत डुंबणाऱ्या दोन म्हशींसमोर बायको थांबली. खाली चिठ्ठी होती : चित्रकार अज्ञात.

“हे मी काढलेलं आहे,” ती भावाला म्हणाली. “तुझ्या लग्नात दिलेलं.”

मी चित्र मापलं. मूळचं वीस इंच उंच होतं. आता सतरा भरलं. फ्रेमवाल्यानं खालचा भाग सहीसकट कापला होता. प्रदर्शनाला चित्र देणाऱ्या, उल्हासनगरच्या कॅम्प एकमधल्या सिंधी बाई म्हणाल्या, “हमको तो बेटे की शादी में मिला. नाम किसी ने बताया नहीं.”

बायकोला चिठ्ठीवर नाव हवं होतं. मास्तरांना साक्षीदार हवा होता. तो शेजारीच उभा होता.

“ताई, तसलंच दुसरं असेल,” मेहुणा म्हणाला. “आपलं आमच्या माळ्यावर आहे.”

“मग घेऊन ये. महिनाभर आहे प्रदर्शन.”

पुढच्या रविवारी म्हणे शिडी मिळाली नाही. त्याचा माळा साडेपाच फुटांवर आहे आणि तो स्वतः पावणेसहा फूट. त्याच्या पुढच्या रविवारी पाहुणे आले. बायको घरी शांत होती. फक्त भावासाठी दरवर्षी घालायचं लोणचं तिनं त्या वर्षी घातलं नाही.

शेवटच्या दिवशी प्रेक्षकांच्या पसंतीचं बक्षीस होतं. मेहुणा कुटुंबासह आला होता. मास्तरांनी जाहीर केलं, “पहिलं बक्षीस, अज्ञात चित्रकार!” टाळ्या पडल्या. सिंधी बाई पदर सावरत उठल्या.

“अगं ताई, ऊठ ना!” मेहुणा मागून ओरडला. “चित्र तुझं, आणि बसून काय राहिलीस?”

सगळ्या माना त्याच्याकडे वळल्या. त्याची बायको चांगल्या मोठ्या आवाजात म्हणाली, “मग माळ्यावर काय आहे हो?”

मास्तरांनी तिथंच नवी चिठ्ठी लिहिली. बक्षिसाचा स्टीलचा डबा सिंधी बाईंनी स्वतः माझ्या बायकोच्या हातात दिला आणि स्पष्ट सांगून टाकलं, “डब्बा आपका, बहनजी. चित्र नहीं देंगे.”

“नकाच देऊ,” बायको म्हणाली. “तुम्ही लावलंत तरी.”

मेहुणा बुटांची नाडी बांधत होता. बराच वेळ बांधत होता.