निसटलेला गोळा

शुगर लँडमध्ये आमच्या शेजारी राहणाऱ्या काकांचे हात कधी स्वस्थ नसत. चहाला आले तरी बोलता बोलता मिठाच्या बाटलीला सुतळी गुंडाळत, उलगडत, पुन्हा गुंडाळत. "एक वेढा सैल पडला, की गोळा वर जाऊन नीट फुलत नाही," असं म्हणत आणि उठून फेऱ्या मारत. गावाबाहेरच्या परवानाधारक क्लबच्या शेडमध्ये ते आतषबाजीचे गोळे हाताने बांधत. कागदाचं नळकांडं, आत रंगीत ठिणग्या देणाऱ्या वड्या, बाहेरून सुतळी आणि तिच्यावर खळ लावलेल्या कागदाचे थर. एका गोळ्याला पंधरा दिवस लागत.

गेल्या जुलैत त्यांचा सर्वांत मोठा गोळा उडताना पाहायला त्यांची मुलगी सिएटलहून आली. दुपारी शोच्या दूरच्या मैदानावर सामान उतरवताना तो काकांच्या हातून निसटला आणि फळीवर आपटला. जवळ मी एकटाच होतो. वरून काही दिसत नव्हतं. मुलगी इतक्या लांबून आली होती, म्हणून मी गप्प राहिलो. काकांनी माझ्याकडे पाहिलं आणि ते तडक सेफ्टी सांभाळणाऱ्या बाईंकडे गेले. गोळा पडलाय, कॅन्सल करा, असं त्यांनी सांगितलं.

"बाबा, इट लुक्स फाइन," मुलगी म्हणाली.

"वरून," काका म्हणाले. "आत काही तडकलं असेल, तर तो वर न जाता खालीच फुटेल."

परतताना ड्राइव्ह मी करत होतो. मुलगी मागे बसली होती.

"तू पाहिलं होतंस ना?" काकांनी विचारलं.

"हो काका."

"मग सांगायचं."

घर यायला अजून तासभर होता.