देवकाचा राजीनामा

माझ्या मुलाने देवकाच्या हातावर काठी मारली तेव्हा मी चार पावलांवर संत्री निवडत होते. हाड मोडल्याचा आवाज मला ऐकू आला. तिने आमच्या माठात लोटा बुडवला, एवढंच झालं होतं. ती बौद्ध वस्तीतली आणि माठ आमच्या घरचा. मी सुभाषला अडवलं नाही. टोपली खाली ठेवली आणि उभी राहिले...

गेल्या महिन्यात देवका गेली. म्हातारी होऊन, झोपेत गेली. तिच्याविषयी लिहायचं तर इथूनच लिहावं लागतं. त्या काठीआधी वीस वर्षं ती आमच्या संत्र्याच्या बगीच्यात तोडणीला येत होती, पण मी तिला ओळखत नव्हते.

तिने ठाण्यात रिपोर्ट दिला. पाहणारी मी एकटी. सून जामसांवलीच्या मारुतीला नवस बोलून आली, की कोर्टात सासूबाईंना काही आठवू नये. मी तिला म्हटलं, नवस वाया घालवलास, मी तशीही खोटंच बोलणार आहे. तेव्हा तेच ठरलं होतं. मुलगा आधी, बाकी सगळं नंतर.

आमचं गाव मध्य प्रदेशात, कोर्टाचं काम हिंदीत आणि आमचा वकीलही हिंदी बोलणारा. त्याने माझ्याजवळ निरोप दिला, की देवकाने राजीनामा दिला तर केस निपटून जाईल. मी मराठी शाळेत चौथी शिकलेली. निरोप जसाच्या तसा पोचवला. देवका शाळेत मुलांसाठी दुपारचा स्वयंपाक करायची; तोडणी फक्त सुटीच्या दिवशी. घर चालायचं ते शाळेवर. दुसऱ्या दिवशी ती उजवा हात गळ्यात बांधून आमच्या दारात आली आणि कागद पुढे केला. शाळेतलं काम सोडत आहे असं कुणाकडून तरी लिहून घेतलेलं, आणि खाली डाव्या हाताची वाकडी सही.

"घ्या वयनी. वकिलाले दाखवा, मंग शाळेत देतो. आता तरी केस निपटन न, निकाल लागन न?"

वकील कागद पाहून हसला. म्हणाला, कोर्टाच्या हिंदीत राजीनामा म्हणजे आपसातला समझौता. नोकरी सोडणं म्हणजे इस्तीफा. ही बाई न्यायासाठी पोटाची भाकर सोडायला निघाली होती आणि माझ्याच्याने एक खरा शब्द निघत नव्हता.

त्याच दुपारी जाऊन तिला अर्थ सांगितला. ती इतकी हसली की हात दुखायला लागला.

"अवं माय, मंग पोराईची खिचडी कायले सोडू? आन समझौता त मी करत नाही."

मी सांगितलं की कोर्टात पाहिलं तेच बोलेन. आभार वगैरे तिने मानले नाहीत. "ते त सांगाच लागते," एवढंच म्हणाली.

सौंसरच्या कोर्टात मी बोलले. सुभाष काही महिने आत राहून आला आणि माझ्याशी बोलेनासा झाला. एकदा मी देवकाजवळ कुरकुर केली, की कायद्याने पोरगा नेला आणि होता तसाच परत आणून दिला.

"कोर्टानं आपलं काम केलं, वयनी. आता तुमचं करा. माठ कोनाचा, हे त्याले लहानपणी कोनं शिकवलं?"

मीच शिकवलं होतं.

मग मी माठ ओसरीवरून उचलून बगीच्यात झाडाखाली नेला. ज्याला तहान लागेल त्याने बुडवून घ्यावं, आणि सगळ्यांसमोर मीही तिथलंच प्यायले. सुभाष दोन हंगाम घरून बाटली आणत राहिला. तिसऱ्या हंगामात, भर उन्हात, देवका वाकड्या हाताने लोटा भरत असताना तो जवळ येऊन उभा राहिला. हात पुढे केला. तिने लोटा दिला, तो प्यायला. मग ती म्हणाली, "माठ घासत जाय रे सुभाष, शेवाळ धरून राहिलं."

देवकाचा तो राजीनाम्याचा कागद माझ्या पेटीत आहे. सुभाष अजून रोज सकाळी माठ घासतो, मगच पाणी भरतो. हाड तिचं मोडलं होतं. मागे उरलो आम्ही दोघं, मारणारा आणि पाहणारी.