मुरुमांच्या गोळ्या आणि जवायाचं नाव

पंचविशी उलटली तरी माझ्या तोंडावर मुरुमं होती, आणि मला त्याचं फार काही वाटत नव्हतं. मी रायपूरजवळ सिलतऱ्याच्या एका लोखंडाच्या कारखान्यात धर्मकाट्यावर बसतो. आत येणाऱ्या आणि बाहेर जाणाऱ्या ट्रकांचं वजन करायचं, हे माझं काम. तिथे दुपारपर्यंत प्रत्येकाच्या तोंडावर काळ्या धुळीचा थर चढलेला असतो. त्या थराखाली कोणाला मुरुम आहे नि कोणाला नाही, हे बघायला कोण रिकामं बसलंय? पण घरी ताईचं लग्न ठरलं आणि माझं तोंड हा एकदम साऱ्या घराचा विषय झाला.

ताई माझ्याहून मोठी. तिला मराठी सगळी समजते, पण उत्तर मात्र हिंदीतच मिळतं. जेवताना ती माझ्याकडे रोखून बघत म्हणाली, "सुन, शादी के हर फोटो में तू मेरे बगल में खड़ा रहेगा। ये मुँह लेके?"

"पोट्ट्याचं तोंड आहे ते, पोस्टर थोडीच आहे," आई म्हणाली. "काहून मागं लागली त्याच्या?"

खरं म्हणजे आईला राग वेगळाच होता. शाळेपासून तिनं माझ्या गालांवर बेसन, हळद, मुलतानी माती, कडुनिंबाचा पाला, जे हाताला लागेल ते थापलं होतं. आता डॉक्टरकडे जायचं म्हणजे तिच्या इतक्या वर्षांच्या कष्टांवर पाणी फिरवायचं. पण ताईपुढे आमच्या घरात कोणाचं चालत नाही. तिनं मला स्कूटीवर मागं बसवलं आणि तात्यापाऱ्यातल्या एका त्वचेच्या डॉक्टरांकडे नेलं.

डॉक्टर भले होते. रक्त तपासायला लावलं, मग रोज घ्यायच्या गोळ्या दिल्या. ओठ सुकतील, उन्हात जपा, मन उदास झालं तर लगेच कळवा, असं सगळं समजावून सांगितलं. शब्द हरवतील, असं काही म्हणाल्याचं मला आठवत नाही. अर्थात माझ्या आठवण्यावर आता किती भरवसा ठेवायचा, हाही प्रश्नच आहे.

ओठ खरंच सुकले. रायपूरचा उन्हाळा आणि त्या गोळ्या, दोघांनी मिळून माझ्या ओठांचं पार वाळलेलं शेत करून टाकलं. मला हसता येईना. पण दोनेक महिन्यांत मुरुमं मावळली आणि चेहरा असा तुळतुळीत झाला, की शेजारच्या काकूंनी आईला विचारलं, "पोट्ट्याचं बी जमलं काय कुठं?" ताई तर माझ्या गालाकडे स्वतःच्या पगाराकडे बघावं तशी बघायची.

त्याच सुमारास एका सकाळी मी स्वयंपाकघराच्या दाराशी उभं राहून म्हणालो, "आई, ते शिट्टी मारून राहिलं ना, ते उतरव."

"कोण शिट्टी मारून राहिलं?" आई तरातरा खिडकीशी गेली आणि बाहेर डोकावून आली. "कोणीच तं नाही."

मला कुकर हा शब्द सापडत नव्हता. डोळ्यांसमोर कुकर होता, वास वरणाचा होता, शिट्टी चालूच होती. फक्त नाव गेलं होतं. मी बोटानं दाखवलं. आई हसली, मीही हसलो. त्यानंतर कंगवा गेला. मग चार्जर. मग "परवा". एक पूर्ण संध्याकाळ मी परवाला "उद्याच्या उद्या" म्हणत होतो.

बाबा रेल्वेतून रिटायर झालेले, घरी बसून कंटाळलेले. त्यांनी याचा खेळ करून टाकला. मी अडकलो की ते पेपर खाली ठेवून सरसावून बसायचे. "थांबा, कोणी सांगू नका! पांढरं असते का? लोखंडाचं असते का? आपल्या घरी आहे का?" एकदा मी अर्धा तास त्यांना एक वस्तू समजावली आणि त्यांचं थर्मामीटरपासून तुतारीपर्यंत सगळं सांगून झालं. ते पान अडकित्ता होतं. म्हणजे, पान कातरायचा नाही, सुपारीचा. हे बघा, लिहितानाही होतं असं.

कारखान्यात मात्र हसण्यासारखं नव्हतं. काट्यावर माझा लौकिकच स्मरणशक्तीचा होता. नेहमीचा ट्रक वळणावर दिसला की मी त्याचा नंबर न बघता सांगायचो. आता ट्रक समोर उभा असला, नंबर वाचला, कॉम्प्युटरकडे मान वळवली, की नंबर गायब. एके दिवशी मी एका रिकाम्या ट्रकचं वजन न करताच त्याला माल भरायला पाठवून दिलं. आत भरणी सुरू होणार तेवढ्यात कोणाच्या तरी लक्षात आलं. ड्रायव्हर गाडी वळवून परत आला, खिडकीतून वाकला आणि म्हणाला, "भैया, गाड़ी तौलनी थी कि मेरे को तौलते?"

सगळे हसले. मीही हसलो, आणि पुढच्या ट्रकचा नंबर तळहातावर लिहून घेतला.

डॉक्टरांकडे पुन्हा गेलो. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं, आणखी काही तपासण्या केल्या, त्या सगळ्या बऱ्या निघाल्या. मग ते म्हणाले, "काही पेशंट असं सांगतात. गोळीमुळेच झालं असं मी छातीठोक म्हणू शकत नाही, आणि गोळीचा संबंध नाही असंही म्हणणार नाही. आपण बंद करू." गोळ्या बंद झाल्या. ओठ हळूहळू माणसाचे झाले. डोकं काही जागेवर येईना.

ते दिवस मला आवडत नव्हते. पेपरमधली एक बातमी मी तीन-तीनदा वाचायचो आणि शेवटाला आलो की सुरुवात निसटलेली असायची. कोणी बोलत असलं की त्याचं बोलणं जणू भिंतीपलीकडून यायचं. लोक म्हणायचे, "अरे, आम्हीबी विसरतो." हे ऐकलं की मला त्यांना काहीतरी फेकून मारावंसं वाटायचं. ते विसरायचे तसं मीही आधी विसरायचोच की. हे तसं नव्हतं.

आणि लग्न तोंडावर आलं. आमच्या समाजाच्या कार्यक्रमांत कॉलेजपासून माईक माझ्याच हातात असायचा. ताईच्या लग्नात निवेदन मीच करणार, हे न विचारताच ठरलेलं. मी तिला एकटी गाठून म्हणालो, "ताई, मले नाही जमणार. बोलता बोलता शब्दच सापडत नाही."

ती मेंदी सुकवत बसली होती. "तो ढूँढ लेना आराम से। मैं कहाँ भाग रही हूँ?" मग क्षणभर माझ्याकडे बघितलं आणि पहिल्यांदाच मराठीत म्हणाली, "माझ्यामुळंच झालं ना रे हे?"

"नाही," मी म्हणालो. "माझ्या मुरुमांमुळं झालं."

लग्नाच्या दिवशी हॉल भरलेला होता. नागपूर, गोंदिया, भंडारा, सगळीकडून पाहुणे आलेले. वंदना झाली. मी माईक हातात घेतला आणि पहिली दोन वाक्यं पूर्वीसारखी सरळ निघाली. मला वाटलं, निभावलं. मग मी म्हणालो, "आता मंचावर येत आहेत आपली वधू," ताईचं नाव घेतलं, "आणि वर..."

आणि वर.

काहीच नाही. मागचे सहा महिने ज्या माणसाच्या नावाशिवाय आमच्या घरात दिवस उगवत नव्हता, ते नाव साफ पुसलेलं. पहिल्या रांगेत आई ओठांनी आकार करत होती. तिच्या ओठांवरून मला फक्त "बादली" कळत होतं. बाबा खोकत होते, खोकल्यानं कोणाचं नाव कसं कळणार ते त्यांनाच माहीत.

मग मी म्हणालो, "ज्यांचं नाव ताईनं घरात इतक्यांदा घेतलं, की आम्ही ते ऐकणंच सोडून दिलं, ते आमचे जवाईबापू!"

हॉल फुटला. लोकांना वाटलं मी विनोद केला. मी म्हणालो, "जोरदार..." आणि टाळ्या हा शब्द गेला. आता लपवण्यात अर्थ नव्हता. "जोरदार, ते दोन्ही हातांनी आवाज करतात ना, ते करा!" लोकांनी तेही केलं, दुप्पट केलं. ताई मंचाच्या पायरीवर हसून हसून वाकली होती, आणि तिची मैत्रीण तिचा पदर सावरत होती.

जवाईबापू वर आले. त्यांनी माझ्या हातातून माईक घेतला आणि अगदी गंभीरपणे स्वतःचं नाव, वडिलांचं नाव, गाव आणि नोकरी सांगितली. पुन्हा टाळ्या. मग माईक परत देताना ते माझ्या कानाशी म्हणाले, "टेन्शन नको घेऊ. मलेबी तुझं नाव आठवून नव्हतं राहिलं. सकाळपासून सालेसाहेब म्हणून चालवून राहिलो."

त्या दिवशी मला एक गोष्ट उमगली. आमच्याकडे नावांवाचून माणसाचं काहीही अडत नाही. मावशी, आत्या, दादा, बापू, आणि घराबाहेर पाऊल टाकलं की भैया आणि दीदी. एवढ्या भांडवलावर रायपुरात अख्खं आयुष्य काढता येतं. मी बाकीचं लग्न तेवढ्यावरच पार पाडलं. अल्बममधल्या प्रत्येक फोटोत माझा चेहरा चकाचक आहे आणि बहुतेक फोटोंत तोंड उघडं आहे, कारण मी काहीतरी शोधतोय.

लग्नानंतर मी लपवाछपवी बंद केली. आमच्या घरच्या डॉक्टरांनी सांगितलं की झोप पुरी घे, रोज चाल, आणि एका वेळी एकच काम कर. कारखान्यात मी इन्चार्जसाहेबांना सगळं सांगितलं. आता ट्रक काट्यावर आला की ड्रायव्हर आणि मी दोघं मिळून मोठ्यानं नंबर म्हणतो. काही ड्रायव्हर आरती म्हटल्यासारखा म्हणतात, एक तर प्रत्येक आकड्यावर हॉर्न वाजवतो. चुका थांबल्या.

बाकी ठिकाणी फजित्या चालूच राहिल्या. सदर बाजारात आईसाठी साडी घेऊन बाहेर आलो आणि स्कूटी कुठे लावली ते आठवेना. गर्दीत आपल्यासारखी दिसली, तिच्यात किल्ली घालून झटत बसलो. सराफाच्या दुकानाचा चौकीदार बंदूक घेऊन जवळ आला. "क्यों भैया, किसकी है?"

"मेरी," मी म्हणालो. मग सीटवरचा गुलाबी टॉवेल दिसला. "शायद मेरी."

त्यानं मला वरपासून खालपर्यंत बघितलं आणि पलीकडच्या बोळात बोट दाखवलं. माझी स्कूटी तिथं होती. "रोज का है यहाँ," तो म्हणाला, आणि 'सगळेच विसरतात' अशा बोलण्याचा मला पहिल्यांदाच राग आला नाही.

आता बराच काळ गेला आहे. धुकं पुष्कळ विरळ झालंय, पूर्ण गेलेलं नाही. थकलो की शब्द अजून सुट्टीवर जातात. मी त्यांची वाट बघतो; बहुतेक परत येतात, कधी चहा पिऊन झाल्यावर, कधी दुसऱ्या दिवशी.

मागच्या वर्षी अकाउंट्समधली एक सहकारी माझ्याकडे आली. तिलाही डॉक्टरांनी त्याच गोळ्या सांगितल्या होत्या. "आप बताओ भैया, लूँ कि नहीं?"

मी म्हणालो की घ्यायच्या की नाही ते मी कोण सांगणार, पण डॉक्टरांना माझी गोष्ट सांग, आणि घरात एकाला सांगून ठेव की माझ्या बोलण्याकडे लक्ष दे. तिनं दोन्ही केलं. गोळ्या घेतल्या. तिला काहीसुद्धा झालं नाही. चेहरा स्वच्छ, डोकं शाबूत, हिशेब चोख.

मला आनंद झाला. आणि जरा जळजळही झाली. एका दुपारी मी तिला ते सरळ सांगून टाकलं. ती हसली आणि डबा उघडून माझ्यापुढे सरकवला. तिच्या आईनं केलेली ठेठरी होती, बेसनाची, दगडासारखी कडक. आम्ही दोघं काट्याच्या खिडकीशी बसून कडाकडा चावत राहिलो. बाहेर ट्रकांची रांग लागली होती.