वालपराइसोत वाळत घातलेली साडी

अमेरिकेत, मॉरिसव्हिलच्या आमच्या वसाहतीत बाहेर कपडे वाळत घालायला बंदी आहे. त्यामुळे सासूबाईंच्या सुती साड्या ड्रायरमधून आखडून निघायच्या आणि त्या निमूटपणे इस्त्री करत बसायच्या. सासरे गेल्यावर नवऱ्याने त्यांना नागपूरहून इथे आणलं. त्या कसलीच तक्रार करत नसत, आणि मला त्याचाच राग यायचा. "आईला करमत नाहीये, एक चेंज हवा," म्हणत या मुलाने थेट चिलीतल्या वालपराइसोची तिकिटं काढली. चेंजसाठी माणूस आईला महाबळेश्वरला नेतो, पण याला ऑनलाइन डील मिळालं होतं.

जुन्या शहरात, बंदरावरच्या टेकडीवर, एका पत्र्याच्या रंगीत घराचा वरचा मजला आम्हाला मिळाला. ही घरं म्हणे जगाचा वारसा आहेत. सासूबाईंना मात्र गल्लीभर लटकलेल्या चादरी आणि बनियनच दिसले. सकाळी उठून बघते तर त्यांची साडी आमच्या बाल्कनीतून पार खालच्या दारापर्यंत सोडलेली, आणि रस्त्यात टूरिस्ट तिचे फोटो काढतायत.

"आई, आत घ्या ती. हेरिटेज एरिया आहे हा."

"मग? माझी साडीही जुनीच आहे."

दुपारी समुद्रावरून वारा सुटला आणि साडी उडून समोरच्या छपरावर गेली. तिथल्या म्हातारीने ती काठीने ओढून काढली आणि टेबलक्लॉथसारखी घडी घालून आणून दिली. सासूबाईंना ती घडी बघवेना. त्यांनी ती मोडली, एक टोक तिच्या हातात दिलं आणि तिला नीट घडी घालायला शिकवलं. मग तिने स्पॅनिशमध्ये आपले गुडघे दाखवले, यांनी मराठीत आपले. त्या दिवसापासून सासूबाई तिच्याच पायरीवर. आम्ही फिरायला बोलावलं की म्हणत, "तुम्ही जाऊन या." नवरा तर निवडणूक जिंकल्यासारखा हिंडत होता.

शेवटच्या संध्याकाळी त्याने विचारलं, "काय आई, एन्जॉय केलंस ना? करमलं?"

"खूप करमलं रे. मला वाटायचं, तुझे बाबा गेले, आता मला कुठंच करमायचं नाही. पण इथं परक्या गावातसुद्धा करमलं." त्या जरा थांबल्या. "मला नागपूरचं तिकीट काढून दे."

नवऱ्याने बंदराकडे तोंड करून फोन काढला आणि नागपूरचं डील शोधायला लागला. मला त्याची दया आली, आणि खरं सांगायचं तर सासूबाईंचा हेवा वाटला.