पंचनाम्यातलं कोकम सरबत

मे महिन्यातला मंगळवार. सकाळी दहा वाजता ठाकुरवाडीच्या अंगाला असलेल्या एका पाड्यावरच्या ओल्या बाळंतिणीला नासलेलं रक्त चढवलं गेलं, आणि दुपारी पावणेचारला ते नासवल्याचा आळ तिच्या नवऱ्यावर आला. अन्याय दोघांवर झाला. वेळ मला पाठ आहे, कारण स्टेशन डायरीतली ती नोंद माझ्या हातची आहे. मनातून ती अजून गेलेली नाही.

मी तेव्हा कर्जत-खालापूर पट्ट्यातल्या एका पोलीस ठाण्यात उपनिरीक्षक होतो. पुढे चाळिशीच्या आतच वर्दी उतरवली. आता रक्त कसं साठवावं याची पत्रकं वाटत फिरतो. पोलिसाला रक्ताचं काय पडलंय, असं लोक विचारतात. तर हे पडलंय.

तक्रार घेऊन एका खाजगी दवाखान्याचे मालक डॉक्टर स्वतः आले होते. सोबत बाळंतिणीचा भाऊ. डॉक्टर शांतपणे बोलत होते. बाईला बाळंतपणात रक्तस्राव झाला, दोन पिशव्या लाल पेशी लागणार होत्या. नवऱ्याने सोमवारी दुपारी रक्तपेढीतून पेटीत घालून आणल्या. मंगळवारी पहिली लावली आणि पाव तासात बाईला हुडहुडी भरली, लघवी काळपट झाली. तिला मोठ्या रुग्णालयात हलवलंय, मूत्रपिंडं बंद पडायला आलीत. "वाटेत उन्हात ठेवली असणार. ही माणसं कशी असतात, तुम्हाला ठाऊकच आहे," असं म्हणून ते थांबले.

मला ठाऊक होतं असं मला वाटलं. ही पहिली चूक माझी.

भाऊ मात्र पेटला होता. "दाजी नाय, वैरी हाय ह्यो! बहिनीला आता पाड्यावर पाठवनार नाय. पोरगी बी आमच्याकडंच ऱ्हाईल. सायब, ह्याला आत टाका."

रक्त आणल्याच्या वाटेवर चौकशी करायला लावली, तर खबरही मिळाली. लोधिवलीजवळच्या एका टपरीवाल्याचा फोन आला. सोमवारी एक माणूस तासभर झाडाखाली बसला होता, हातात बाटली, डोकं पेटीवर टेकलेलं. झालं, मला वाटलं प्रकरण सुटलं.

नवऱ्याला बोलावलं. बिगारी काम करणारा, पंचविशीचा, अंगात दवाखान्याच्या फरशीवर बसून मळलेला सदरा.

"दारू प्यायलास ना रं?"

"नाय सायब. सोमवारी पानीबी प्यायलो नाय."

"मग बाटली कसली?"

"पान्याचीच. टेंपो बंद पडला लोधिवलीला. ऊन लय. टावेल भिजवून पेटीवर टाकला, सुकला का परत भिजवला."

"आणि तू का नाही प्यायलास?"

"पुरलं नसतं. आन दुसरं आनायला गेलो तर पेटी खाली ठेवावी लागली असती. मांडीवरून उतरवू नको, झाकन उघडू नको, आसं रक्तपेढीतल्या बाईनी सांगितलं व्हतं."

तीन वेळा उलटसुलट विचारलं. खोटं बोलणारा माणूस बहुधा तीच वाक्यं त्याच क्रमाने म्हणतो. याला दर वेळी काहीतरी बिनकामाचं नवीन आठवत होतं. टेंपोत कोंबड्या होत्या. मांडीला मुंग्या आल्या होत्या. तरीही मी त्याला चौकशीच्या नावाखाली बाकड्यावर बसवून ठेवलं. त्याने एकच मागितलं, "बायकोला बघून येऊ का?" मी म्हणालो, उद्या.

संध्याकाळच्या आत आम्ही दवाखान्यात जाऊन पंचनामा केला. लिहायला आमच्या हवालदार बाई होत्या. दोन पिशव्या जप्त केल्या. एक अर्धी वापरलेली, दुसरी न उघडलेली.

"साहेब, रंग काय लिहू?"

"दिसतो तो लिहा."

बाईंनी लिहिलं : 'पिशवी क्रमांक दोन : तळाला गडद लाल थर, वर तीन बोटं पिवळसर स्वच्छ पाणी. पिशवी क्रमांक एक : थर नाहीत. सगळं एकसारखं लाल, कोकम सरबतासारखं आरपार.'

"अहो बाई, पंचनाम्यात सरबत? न्यायाधीश हसतील."

"मग काय लिहू, साहेब? तसंच दिसतंय. हसू देत." त्यांनी ओळ खोडली नाही. मीही घाईत होतो.

आता मुद्देमाल टिकवायचा कसा? रक्त म्हणजे नाशवंत. ठाण्यात फ्रिज नव्हता. समोरच्या आइस्क्रीमवाल्याच्या डीप फ्रीझरमध्ये मी दोन्ही पिशव्या सीलबंद डब्यात ठेवायला लावल्या. आपण फार हुशारी केली असंच वाटलं. जितकं गार, तितकं टिकणार ना!

बुधवारी सकाळी हवालदार बाईंना घेऊन मी डबा रक्तपेढीत नेला. तिथल्या तंत्रज्ञ बाईंनी सील उघडलं, बोट लावलं आणि माझ्याकडे बघतच राहिल्या.

"हे काय, कुल्फी आणलीत?"

कोमट पाण्यात धरल्यावर दोन्ही पिशव्या वितळल्या. दोन्ही सारख्याच, लाल, आरपार.

"दोन्ही गोठवलेल्या आहेत," त्या म्हणाल्या. "रक्तपेशी दोन ते सहा अंशांत ठेवायच्या. त्यात कमी नाही, जास्त नाही. नीट ठेवल्या तरी दिवसागणिक त्या कडक होतात, आतलं पोटॅशियम बाहेर झिरपतं. म्हणून तर पिशवीवर मुदत छापतो. आणि साध्या फ्रीझरमध्ये टाकल्या की आत बर्फाच्या सुया होतात, पेशी फुटतात. मग ते रक्त राहत नाही, लाल पाणी होतं. असलं पाणी माणसाच्या अंगात घातलं तर मूत्रपिंडं गेलीच म्हणून समजा. कुणी केलं हे?"

"मी," असं म्हणावं लागलं.

"मग तुमचा पुरावा तुम्हीच मारलात."

हवालदार बाईंनी पंचनामा काढून टेबलावर ठेवला. "ताई, काल दुसरी अशी नव्हती. हे वाचा."

तंत्रज्ञ बाईंनी वाचलं. 'कोकम सरबत'पाशी बोट थांबलं. "म्हणजे काल दुसरी पिशवी चांगली होती. पेशी खाली, स्वच्छ पाणी वर, अशीच दिसायला हवी. आणि पहिली कालच सरबत झालेली होती. दोन्ही एकाच पेटीतून आल्या ना? उन्हाने बिघडायच्या तर दोन्ही बिघडल्या असत्या. साहेब, तुमच्या आधी कुणीतरी तुम्ही केलंत तेच केलंय."

तिथून आम्ही सरळ दवाखान्यात गेलो. पिशव्या ज्यांच्या ताब्यात होत्या त्या सिस्टरना मी एकच प्रश्न विचारला, "सोमवारी कुठे ठेवल्या?"

"फ्रिजमध्ये." तो स्टाफच्या खोलीतला घरगुती फ्रिज होता. दूध, डब्यातली भाजी, आणि वरच्या बर्फाच्या कप्प्यात डॉक्टरांची मासळी.

"एक वर ठेवली," सिस्टर म्हणाल्या. "दुसरी मावेना, पापलेट होतं. म्हणून ती खालच्या फळीवर. वर जास्त गार असतं ना साहेब, मासळी टिकते तिथे." मग त्यांनी फ्रिजचं दार लावलं. "सकाळी ती दगड झाली होती. मी डॉक्टरांना दाखवली. ते म्हणाले, कोमट पाण्यात धर आणि लाव, चालतंय."

सिस्टरना हे कुणी शिकवलं नव्हतं, मलाही नव्हतं. आम्ही दोघांनी एकच मूर्खपणा केला. पण डॉक्टर शिकलेला होता. दगड झालेली पिशवी त्याने पाहिली होती. हे माहीत असून तो पावणेचारला माझ्यासमोर बसून त्या गड्याचं नाव घेत होता. एक पिशवी वाचली ती पापलेटमुळे, कुणाच्या अकलेमुळे नाही.

त्या गड्याला मी त्याच दिवशी सोडलं. दवाखान्याला रक्त साठवायची परवानगीच नव्हती. सिस्टरचा जबाब, पंचनामा आणि रक्तपेढीचा लेखी अभिप्राय मी जिल्हा शल्यचिकित्सकांकडे आणि औषध प्रशासनाकडे पाठवला. पुढे जे झालं ते कागदावर आहे आणि माझ्या मते फार कमी झालं.

बाई वाचली. काही आठवडे डायलिसिसवर काढून ती उठून बसली. पण नवऱ्यावरचा आळ अजून पुसला गेला नव्हता, म्हणून त्याला सोबत घेऊन मी वर्दीत तिच्या माहेरच्या पाड्यावर गेलो. चार माणसांत उभं राहून सांगितलं की ह्याने रक्त नीट आणलं, ते दवाखान्यात नासलं. भाऊ घरात गेला आणि मुलीला आणून बापाच्या हातात दिलं. "दाजी, धरा. लय रडते ती," एवढंच बोलला.

निघताना तो गडी माझ्यामागे आला. "सायब, येक इचारू? फ्रिज दवाखान्यात व्हता. मग पयलं मला का धरलं?"

माझ्याकडे खरं उत्तर होतं, पण ते मी तिथे दिलं नाही. इथे देतो. तू समोर होतास, गरीब होतास, आणि तो फ्रिज उघडून बघायचं माझ्या मनातही आलं नाही. मी रंग बघून लिहायला सांगितला आणि लिहिलेलं स्वतःच वाचलं नाही.

म्हणून तुम्हाला सांगतो. उद्या तुमच्या माणसाला रक्त लागेल. पिशवी दवाखान्याच्या दारात पोचली की विचारा : कुठे ठेवणार? तो फ्रिज उघडून दाखवायला लावा. आत तापमापक नसेल, शेजारी दूध किंवा मासळी असेल, तर पिशवी तिथे ठेवू देऊ नका. लावण्याआधी ती उजेडात धरा. सगळी आरपार लाल दिसली, तर डॉक्टर कितीही मोठा असो, त्याचा हात धरा. आणि उद्यावर ढकलू नका. आजच तुमच्या गावातल्या दवाखान्यात जा आणि फ्रिज उघडायला सांगा.