गावदेवाचा मान

नारपोलीच्या पोरांना प्राचीन जपान शिकवायचा म्हणजे खायचं काम नाही. अर्धी पोरं कापडाच्या लूमवरची शिफ्ट संपवून थेट वर्गात येतात, केसांत कापसाचे तंतू तसेच. तिथल्या यामातो घराण्याच्या राजाचं त्यांना काय पडलंय? पण भागी मॅडम उभ्या राहिल्या की मागचा बाकसुद्धा गप्प, कारण बाई आधी पुस्तक उघडतच नाहीत.

"तुमच्या घरात देवापुढे पहिला नैवेद्य कोण ठेवतं?" त्यांनी परवा विचारलं.

"म्हातारा," मनोज म्हणाला.

"आणि घरात चालतं कोणाचं?"

"म्हाताऱ्याचंच."

"झालं तर. जपानातली जुनी कुळं अशीच. कुळाचा मुख्य जो, तोच कुळाच्या देवाचा पुजारी. पुढे यामातोचं कूळ जोरावर आलं. लढाया त्यांनी केल्याच, पण खरी अक्कल पुढे चालवली. दुसऱ्यांचे देव मोडत बसले नाहीत, आपल्या सूर्यदेवीच्या नात्यात बसवून टाकले. आणि कुळांच्या मुख्यांना दिल्या पदव्या. आता सांगा, पदवी कोणाची?"

"देनेवाले की," मागून कोणीतरी बोललं. बाई खूश झाल्या. एवढं कळलं की पेपर निघाला, असं त्यांचं मत.

या भागी मॅडम अकलोली गावाच्या वरच्या अंगाला असलेल्या वारल्यांच्या पाड्यावरच्या. पाड्यावरून एम.ए.पर्यंत गेलेली पहिली मुलगी. त्यांचा बाप बारक्या हा गावदेवाचा भगत, म्हणजे देवाची पूजा करणारा आणि त्याला कौल लावणारा. गावदेव म्हणजे ऐनाच्या झाडाखालचा शेंदूर लावलेला दगड. खालच्या गावात बागायतदार, गोदामवाले, बंगलेवाले राहतात, पण पेरणीआधी देवाला पहिला नारळ फोडायचा तो बारक्यानेच. बाकी सगळ्यांनी मागे उभं राहायचं. पाड्याची जमीन गेली, रान गेलं, हा एक मान तेवढा हातात राहिला होता.

आणि यंदा नेमका तोच जायची वेळ आली. गावातले केसरीनाथ शेठ, पाच गोदामांचे मालक, यांनी रस्त्याला लागून कुलदेवीचं मोठं मंदिर बांधलं. एके दिवशी स्वतः पाडा चढून आले.

"बारक्यादादा," शेठ म्हणाले, "तुमचा देव उन्हापावसात बसलाय, बरं दिसतं का? आमच्या देवीशेजारी आणून बसवू. देवीचा धाकटा भाऊ म्हणून. नारळ आधी देवीला, मग त्याला. तुम्ही देवस्थानचे मुख्य पुजारी. रविवारी सगळ्यांसमोर फेटा बांधतो."

बारक्या हरखला. शेठ घरी आला, वर दादा म्हणाला, आणखी काय पाहिजे माणसाला?

शनिवारी दुपारी भागी घरी आली आणि हे ऐकून तिच्या तळपायाची आग मस्तकात गेली. नात्यात बसवलेला देव आणि वर पदवी! जे वर्गात शिकवायचं ते आपल्याच ओसरीवर येऊन बसलंय. तिने बापाला सगळा जपान सांगितला. भाकरी खाता खाता बारक्या ऐकत होता.

"मंग त्या मुख्यांचं काय झालं?"

"राजाचे चाकर झाले, बाबा. पदवी देणारा ती काढून पण घेतो."

"समदेच?"

"इझुमो म्हणून एक जागा आहे. तिथल्या देवाने राज्य सोडलं अशी कथा आहे. पण त्याची पूजा तिथल्याच घराण्याकडे राहिली. आजही तेच करतात."

बारक्याने हात धुतले आणि तो बाहेर गेला. भागीने मात्र रविवारसाठी चांगलं ठणठणीत भाषण तयार केलं. बापाला बोलता येणार नाही, आपणच बोलायचं, याची तिला खात्री होती.

रविवारी मंदिरापुढे गाव जमलं. शेठने फेटा हातात घेतला. भागी उठणार, तेवढ्यात बारक्याच उभा राहिला.

"फेटा मंग बांध, शेठ. देवाला हलवाचा तर देवाला इचाराला नको?"

नको असं म्हणायची कोणाची टाप? "विचारा की," शेठ म्हणाले.

"मंग वर चला. देव हितं न्हाय."

सगळं गाव डोंगर चढलं. शेठ घामाघूम. ऐनाखाली सगळ्यांनी चपला काढल्या, शेठनेही काढल्या. बारक्याने मूठभर तांदूळ सुपात टाकले आणि दोन-दोन दाणे बाजूला सारू लागला. जोड्या पुऱ्या झाल्या तर देवाचा होकार, एक दाणा उरला तर नकार.

एक उरला.

"परत एकदा बघा, दादा," शेठ म्हणाले. बारक्याने परत पाहिलं. परत एकच उरला. तिसऱ्यांदाही तेच. बापाच्या बोटांत तेव्हा काय चाललं होतं हे भागीला माहीत नाही, आणि ती जन्मात विचारणार नाही.

शेठने फेटा घडी करून काखेत मारला. "मग पेरणीचा नारळ?"

"दरसालचा हाय तसाच. मी फोडीन. तुमी मागं उभं रहा."

भागीचं भाषण पर्समध्येच राहिलं. पंधरा वर्षं ती पोरांना जे समजावत आली, ते बापाला एकदाच सांगावं लागलं होतं. अभिमानाने तिचे डोळे भरून आले. समोर पाच गोदामांचे मालक हात जोडून दोन पावलं मागे सरले, आणि बारक्या वळून न पाहता देवाला शेंदूर लावू लागला.